सरकलेल्या फोटोमागचा अपूर्णांक

निवृत्तीच्या समारंभासाठी कुणीतरी हौसेनं दहा मिनिटांची चित्रफीत बनवतं. जुने फोटो, खाली नावं, वरच्या उजव्या कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह. एडिटिंगच्या खिडकीत सगळं जिथल्या तिथं दिसत असतं. मग एक्स्पोर्टचं बटण दाबलं जातं, पट्टी शंभर टक्क्यांवर पोचते, फाइल उघडते. बोधचिन्ह कोपरा सोडून मध्याकडे आलेलं असतं, एका फोटोतली माणसं आडवी झालेली असतात आणि सत्कारमूर्तींचा चेहरा पसरट दिसत असतो. पुन्हा एक्स्पोर्ट केलं तरी तेच. अगदी तेच आणि तेवढंच.

या ‘तेवढंच’मध्ये खरी मेख आहे. यंत्र भंजाळलं असतं तर फोटो दर वेळी वेगळ्या ठिकाणी गेला असता. इथे तो दर वेळी नेमका तितकाच सरकतो. मग पट्टी घ्यावी (पडद्यावर पिक्सेल मोजणारी, लाकडी नव्हे), फोटो कुठे हवा होता आणि कुठे गेला ते मोजावं आणि एका आकड्याला दुसऱ्यानं भागावं. उत्तर बहुधा मोजक्या आकड्यांपैकी एक येतं : ०.५, ०.६६७, १.३३३, १.५, १.०९४. हे आकडे गुन्हेगाराच्या बोटांच्या ठशांइतके बोलके असतात. प्रत्येकामागे कुणीतरी, कधीतरी घेतलेला एक निर्णय आहे, आणि त्यातले काही निर्णय घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. टाइमलाइनवर फोटो कधी नसतोच. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या मोफत सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा; ती साध्या मजकुराची फाइल आहे. प्रीमियर प्रोची फाइलही आतून मजकूरच असते, फक्त दाबून लहान केलेला. त्यात फोटोचा एकही ठिपका सापडत नाही. सापडतो तो फोटोचा पत्ता, म्हणजे कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरमध्ये. तो कितव्या फ्रेमला येतो आणि कितव्या फ्रेमला जातो. आणि शेजारी चार आकडे. समजा, १५०० ६० ३६० ३६०. डावीकडून पंधराशे, वरून साठ, रुंदी तीनशे साठ, उंची तीनशे साठ. आपलं अर्ध्या तासाचं ओढणं-ताणणं-सरकवणं शेवटी या चार आकड्यांत मावतं. कित्येक जीबींच्या चित्रणाची प्रोजेक्ट फाइल पुष्कळदा काही केबींची असते ती यामुळेच.

या आकड्यांवरून चित्र दोनदा मांडलं जातं. पहिल्यांदा प्रिव्ह्यूसाठी. सेकंदाला २५ फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात दोन-तीन व्हिडिओ उलगडायचे, फोटो लहान-मोठा करायचा, अक्षरं लिहायची, सावल्या द्यायच्या. म्हणून प्रिव्ह्यू हातचं राखून काम करतो : अर्ध्या किंवा पाव आकारात हिशेब करतो, मूळ चित्रणाऐवजी त्याची हलकी नक्कल वापरतो, बारकावे सोडून देतो. दुसऱ्यांदा एक्स्पोर्टच्या वेळी. तेव्हा घाई नसते. मूळ फाइल उघडल्या जातात आणि सगळा हिशेब पहिल्यापासून, पूर्ण आकारात होतो. प्रिव्ह्यूत जे दिसलं ते एक्स्पोर्टला ठाऊकही नसतं. त्याच्या हाती येतात ते फक्त आकडे. एवढं कळल्यावर मला तरी फोटो सरकतो याचं नवल वाटेनासं झालं. तो बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो, याचंच वाटायला लागलं.

आता १५०० म्हणजे काय? पंधराशे पिक्सेल, हे खरं. पण किती रुंदीच्या चौकटीतले? प्रोजेक्ट १९२० बाय १०८०चा असेल तर १५००पासून १८६०पर्यंतचं बोधचिन्ह उजव्या कडेपासून ६० पिक्सेल आत, कोपऱ्यात झकास बसतं. आता तीच फीत व्हॉट्सॲपवर पाठवायला हलकी हवी म्हणून कुणी १२८० बाय ७२० निवडतं. सॉफ्टवेअर शहाणं असेल तर ते प्रत्येक आकड्याला दोन-तृतीयांशानं गुणेल. नसेल, तर १५०० हा आकडा १५००च राहील, आणि १२८०च्या चौकटीत पंधराशेवी जागाच नाही. बोधचिन्ह गायब. उलट कुणी ३८४० बाय २१६०, म्हणजे फोर-केमध्ये एक्स्पोर्ट केलं, तर मध्यरेषा जाते १९२०वर आणि आपलं उजव्या कोपऱ्यातलं बोधचिन्ह मध्याच्याही डावीकडे, निम्म्या आकाराचं होऊन बसतं. भागाकार केला की ०.५ हा ठसा स्वच्छ मिळतो.

यावर शहाणपणाचा मार्ग म्हणजे पिक्सेल न साठवता हिस्सा साठवायचा : १५०० ऐवजी रुंदीच्या ०.७८१२५ इतकं. चौकट कितीही लहान-मोठी झाली तरी हिस्सा तोच. आजची बरीच सॉफ्टवेअर जागेच्या बाबतीत असं करतात. पण पाणी मुरतं ते दुसरीकडे. जागा हिश्शात आणि अक्षरांची बाह्यरेषा पिक्सेलमध्ये. आकार हिश्शात आणि सावलीचं अंतर पिक्सेलमध्ये. तेव्हा फोटो बरोबर जागी आणि त्याची सावली मात्र वीतभर लांब, असा प्रकार होतो. हलक्या नकलेवर काम करतानाही हेच. मूळ चित्रण ३८४० रुंदीचं, नक्कल ९६०ची. ‘शंभर टक्के आकार’ म्हणजे कुणाचे शंभर टक्के? सॉफ्टवेअरला हे लक्षात ठेवून चारनं गुणावं लागतं. बहुतेक वेळा ते ठेवतं.

मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एडिटरांत आणखी एक गुणाकार लपलेला असतो. ज्या फोनच्या पडद्यावर आडवे १०८० खरे ठिपके असतात, तो ॲपला किंवा वेबपानाला आपली रुंदी ३६० सांगतो. अक्षरं मुंगीएवढी होऊ नयेत म्हणून केलेली ही सोय आहे; एका मानलेल्या पिक्सेलमागे तीन बाय तीन खरे. आपण स्टिकर बोटानं मधोमध, १८०वर ठेवतो. एक्स्पोर्टच्या वेळी त्याला तीननं गुणायचं राहिलं तर स्टिकर एक-तृतीयांश आकाराचा होऊन वर डावीकडे जातो. विंडोजवर ‘स्केल १५० टक्के’ ठेवलेल्या लॅपटॉपवर हाच खेळ दीड या आकड्यानं चालतो. सगळ्या गोष्टी एकाच प्रमाणात आक्रसून एकाच कोपऱ्याकडे गेल्या असतील, तर कुठेतरी एक गुणाकार हरवला आहे, असं बेलाशक समजावं.

उपाय रुक्ष आहे, पण रामबाण. प्रोजेक्टची चौकट आणि एक्स्पोर्टची चौकट सुरुवातीपासून एकच ठेवायची. लहान फाइल हवी असेल तर आधी पूर्ण आकारात एक्स्पोर्ट करायचं आणि तयार झालेली फाइल मग वेगळी लहान करायची. तेव्हा सगळे थर एकजीव झालेले असतात, सरकायला सुटं काही उरत नाही. आणि हो, अनेक सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या टाइमलाइनवर टाकलेली पहिली क्लिप चौकट ठरवते. ती पहिली क्लिप फोनवर उभी काढलेली असेल तर अख्खा प्रोजेक्ट १०८० बाय १९२०चा होतो आणि हे कळतं ते शेवटी, आडव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आल्यावर.

जाता जाता : या सगळ्याशी ‘३०० डीपीआय’चा काडीचा संबंध नाही. फोटो ७२ डीपीआयचा आहे म्हणून व्हिडिओत लहान येतो, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. डीपीआय हा छपाईचा हिशेब आहे, कागदाच्या इंचात किती ठिपके टाकायचे एवढाच. व्हिडिओत इंच नसतोच. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो कुठल्याही डीपीआयचा असला तरी ४००० पिक्सेलचाच.

एकक कळलं तरी दुसरा प्रश्न राहतोच : मोजायचं कुठून? ‘गल्लीत डावीकडून तिसरं घर’ हा पत्ता गल्लीत कुठल्या टोकानं शिरलात यावर अवलंबून असतो, तशातली ही गत. गणितात देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीपासून पुढे जी पद्धत रुळली, तिच्यात शून्यातून उजवीकडे आणि वर मोजत जायचं. पण जुन्या टीव्हीच्या काचनळीतला इलेक्ट्रॉनचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ओळीमागून ओळ खाली उतरायचा. संगणकाच्या स्मृतीतले ठिपके त्याच क्रमानं मांडले गेले, आणि म्हणून पडद्यावर शून्य वर डावीकडे जाऊन बसलं. दोन्ही रीती आजही सुखेनैव एकत्र नांदतात. मॅकच्या चित्रप्रणालीत शून्य खाली डावीकडे, आयफोनच्या पडद्यावर वर डावीकडे. आयफोनवर व्हिडिओवर बोधचिन्ह चिकटवणारं ॲप लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांना हा फरक एकदा तरी रडवतो. पडद्यावर वरून ६० पिक्सेलवर ठेवलेलं चित्र एक्स्पोर्टमध्ये खालून ६० पिक्सेलवर उगवतं. असं आरशातल्यासारखं वर-खाली झालेलं दिसलं की दोष शून्याचा.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरांचंही एकमत नाही. १९२० बाय १०८०च्या चौकटीत पूर्ण बसलेला फोटो प्रीमियरमध्ये ९६०, ५४० असा दिसतो; तोच दा विंची रिझॉल्व्हमध्ये ०, ०, कारण तिथे शून्य मध्यावर. पुष्कळ सॉफ्टवेअरच्या पोटात एफएफएमपेग नावाचं मोफत यंत्र काम करत असतं. त्याचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात. शिवाय प्रश्न नुसता चौकटीचा नाही, फोटोचाही आहे. ‘फोटो ५००वर ठेव’ म्हणजे त्याचा मध्य ५००वर की डावा कोपरा ५००वर? एकानं मध्य धरला आणि दुसऱ्यानं कोपरा, तर फोटो नेमका स्वतःच्या निम्म्या रुंदीनं आणि निम्म्या उंचीनं सरकतो. ३६० रुंदीचं बोधचिन्ह १८० सरकलं असेल तर आणखी शोधाशोध करायची गरजच नाही.

आता पसरट चेहऱ्याकडे येऊ. मला यातला हा सर्वांत सुरस भाग वाटतो.

पिक्सेल म्हणजे चौरस ठिपका, असं आपण धरून चालतो. रसेल कर्श या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५७मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घेतला, तो पहिला डिजिटल फोटो मानला जातो. त्यात १७६ बाय १७६ चौरस ठिपके होते. पण टीव्हीच्या जगात ठिपका नव्हताच. तिथे होत्या ओळी. भारतात, युरोपात ६२५ ओळींची फ्रेम, सेकंदाला २५. अमेरिकेत, जपानमध्ये ५२५ ओळींची, सेकंदाला जवळजवळ ३०. प्रत्येक ओळ म्हणजे सलग चढत-उतरत जाणारा विजेचा दाब. उभ्या दिशेला मोजदाद होती, आडव्या दिशेला नव्हती.

डिजिटल टीव्ही आणायचा तर या सलग ओळीचे तुकडे करणं भाग होतं. किती तुकडे? दोन जगांसाठी एकच आकडा चालला तर यंत्रं सगळीकडे सारखी बनवता येतील. आपल्याकडे सेकंदाला १५,६२५ ओळी; अमेरिकेत १५,७३४ आणि वर अपूर्णांक. या दोन विचित्र आकड्यांना एकत्र आणणारी संख्या आहे : २२,५०,०००. आपल्या ओळींना १४४नं गुणलं तर ती येते, त्यांच्या ओळींना १४३नं गुणलं तरी तीच येते. तिची सहापट म्हणजे १ कोटी ३५ लाख. सेकंदाला इतके नमुने घ्यायचे, असं १९८२मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशीत ठरलं. मग आपली ओळ पडते ८६४ नमुन्यांची, त्यांची ८५८ची. आणि त्यातला चित्राचा भाग दोघांसाठी सारखाच धरला, ७२०. वैरी वाटणाऱ्या दोन पद्धती एका आकड्यावर आल्या. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्तानं आपल्याकडे रंगीत दूरदर्शन अवतरलं, तेव्हा या तडजोडीची वार्ता आपल्या गावीही नव्हती.

तडजोडीची किंमत मोजली ठिपक्यानं. त्या आकड्यात चौरस ठिपक्याला जागाच राहिली नाही. आपल्या पद्धतीची फ्रेम झाली ७२० बाय ५७६. हे प्रमाण पाचास चार. टीव्हीचा पडदा मात्र चारास तीन. ५७६ उंचीला चौरस ठिपके घेतले तर रुंदी ७६८ हवी. म्हणजे प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा किंचित रुंद, ७६८ भागिले ७२०, म्हणजे १.०६७ पट. पण थांबा. जुन्या टीव्हीच्या ओळीत खरं चित्र ५२ मायक्रोसेकंदांचं असायचं. त्या वेगानं ५२ मायक्रोसेकंदांत ७०२ नमुने होतात, ७२० नव्हे; उरलेले अठरा कडेला सैलपणासाठी सोडलेले. मग खरा भागाकार ७६८ भागिले ७०२, म्हणजे १.०९४. ॲडोबीनं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं १.०६७ वापरला आणि पुढे दुरुस्त करून १.०९४ केला. त्यामुळे जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडला की कडेला अडीच टक्क्यांचा फरक दिसायचा आणि लोक डोकं खाजवायचे.

हा इतिहास आजही घरात येतो, लग्नाच्या जुन्या कॅसेटमधून. व्हीएचएसवरून उतरवलेलं ते चित्रण ७२० बाय ५७६चंच असतं. एखादं सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहिलेलं ठिपक्याचं प्रमाण वाचत नाही आणि चौरस ठिपके धरतं. नवरा-नवरी थोडे शेलाटे होतात. दुसरं सॉफ्टवेअर चौकट भरून काढायची म्हणून ४:३चं चित्र १६:९ला ताणतं. तेव्हा सगळे वऱ्हाडी एक-तृतीयांशानं जाड. १.३३३ हा आकडा मिळण्याची दुसरीही जागा आहे. एचडीव्ही नावाचे कॅमेरे १९२० ऐवजी १४४० बाय १०८० असं टिपायचे आणि दाखवताना आडवं ताणायचे. ती ताणायची सूचना एक्स्पोर्टमध्ये हरवली की १९२०चं चित्र १४४०मध्ये कोंबलं जातं आणि माणसं काटकुळी दिसतात. एकाच फाइलमधला ताणाचा आकडा एक प्लेअर पाळतो, दुसरा पाळत नाही. म्हणून लॅपटॉपवर ठीक आणि सभागृहात बिघडलेलं, असंही होतं. एक्स्पोर्टच्या पर्यायांत ‘पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो’ नावाची ओळ असते. तिथे ‘स्क्वेअर पिक्सेल्स’, म्हणजे १.०, असायला हवं. एफएफएमपेगवर हातानं काम करणाऱ्यांनी आकार बदलल्यावर ‘सेटएसएआर’ एक करायला विसरू नये. ते यंत्र जुनं प्रमाण राखण्यासाठी गुपचूप ठिपक्याचाच आकार बदलून ठेवतं.

आडव्या झोपलेल्या फोटोची गोष्ट त्यामानानं छोटी. फोनमधला सेन्सर एका बाजूला कायमचा बसवलेला असतो. फोन उभा धरला तरी तो ओळी आपल्याच सवयीनं वाचतो, आणि पुष्कळ फोन फोटो तसाच आडवा साठवतात. फक्त फाइलच्या सुरुवातीला एक्झिफ नोंदीत १ ते ८पैकी एक अंक लिहून ठेवतात. ६ असेल तर ‘दाखवताना घड्याळाच्या दिशेनं पाव वळसा द्या’. गॅलरी हा अंक वाचते, प्रिव्ह्यू वाचतो, आणि एक्स्पोर्ट करणारा भाग कधी कधी वाचत नाही. याहून चकवा देणारा प्रकार असा, की फोटो सरळ येतो पण डोकी आणि पाय कापलेले. तिथे वळसा दिलेला असतो, पण चौकटीत बसवण्याचा हिशेब त्याआधीच, आडव्या मापावर झालेला असतो. ४००० बाय ३०००च्या फोटोत हा फरकही नेमका १.३३३ येतो! एचडीव्हीच्या ठशापासून तो वेगळा ओळखायचा कसा? इथे रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात, तिथे फक्त रुंदी बदलते. बहुतेक चित्रसंपादकांत फोटो उघडून नव्यानं सेव्ह केला की वळसा पक्का होतो आणि कटकट मिटते.

काही वेळा चूक एवढीशी असते, की भागाकारात पकडता येत नाही. चित्राच्या तळाशी एक हिरवी रेघ. किंवा बोधचिन्ह एकच पिक्सेल डावीकडे. या क्षुल्लक गोष्टींमागे तर कमाल आहे.

एच-२६४ ही २००३ पासून जगभर चालणारी व्हिडिओ दाबण्याची पद्धत चित्राचे १६ बाय १६चे चौकोन पाडते. १९२०चे १२० चौकोन बरोबर पडतात. १०८०चे पडतात साडेसदुसष्ट. अर्धा चौकोन पाडता येत नाही, म्हणून जगातला जवळजवळ प्रत्येक ‘टेन-एटी’ एच-२६४ व्हिडिओ आत १०८८ ओळींचा असतो, आणि ‘तळाच्या आठ ओळी दाखवू नका’ अशी सूचना फाइलमध्ये लिहिलेली असते. एखाद्या प्लेअरनं ती पाळली नाही की त्या आठ ओळी उघड्या पडतात. आणि त्या हिरव्या का? कारण व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असा साठवत नाहीत. एक आकडा उजेडाचा आणि दोन रंगछटेचे. स्मृतीत काहीच लिहिलेलं नसेल तर तिन्ही शून्य, आणि या तीन शून्यांचा अर्थ काळा होत नाही. रंगछटेचा मध्य १२८वर असतो. शून्य म्हणजे लाल आणि निळा दोन्ही तळाला गेलेले. उरतो हिरवा. ती रेघ म्हणजे रिकाम्या स्मृतीचा रंग.

एका पिक्सेलची सरक यातूनच येते. माणसाच्या डोळ्याला उजेडाचे बारकावे छान कळतात, रंगाचे तितके नाहीत. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक पिक्सेलचा साठवतात, पण रंग चार पिक्सेलमागे एकदाच, दोन बाय दोनच्या गटाचा. साहजिकच रुंदी आणि उंची सम हवी. ७२१ दिलं तर एन्कोडर ‘दोननं भाग जात नाही’ म्हणून हात वर करतो. आणि एफएफएमपेगमध्ये अशा चित्रावर फोटो १०१वर ठेवायला सांगितला, तर तो निमूटपणे १००वर बसतो, कारण १०१वर रंगाचा गट सुरूच होत नाही. स्थिर फोटोत हे कुणाच्या लक्षात येणार? पण तोच फोटो सावकाश, फ्रेममागे अर्धा पिक्सेल, सरकवायचा असेल तर तो चार फ्रेम गप्प राहतो आणि मग एकदम दोन पिक्सेल उडी मारतो. प्रिव्ह्यूत लोण्यासारखी वाटलेली चाल एक्स्पोर्टमध्ये थरथरते. तिथे हिशेब संपूर्ण रंगात, म्हणजे ‘४:४:४’मध्ये करायला सांगायचा आणि दाबायचं काम अगदी शेवटी ठेवायचं.

आणि कधी कधी फाइल निर्दोष असते, कापतो तो टीव्ही. काचनळीच्या काळात चित्राच्या कडा वाकड्यातिकड्या यायच्या, म्हणून कंपन्या चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायच्या. त्यामुळे अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत आणि महत्त्वाची हालचाल ९० टक्क्यांत ठेवायची रीत पडली. नळी गेली, सपाट पडदे आले, कडा सरळ झाल्या. तरी पुष्कळ टीव्ही सवयीनं अजून कडा कापतात. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाची सोय शोधावी. कोपऱ्यातलं नाव अर्धवट दिसलं म्हणून पहाटेपर्यंत एक्स्पोर्ट करत बसलेल्यांची मला खरंच दया येते.

‘दुसरं सॉफ्टवेअर वापरून बघ’ हा यावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कुचकामी सल्ला. त्याऐवजी एक खुणेचं चित्र बनवून ठेवावं. टीव्ही केंद्रं कार्यक्रम नसताना अशी चित्रं दाखवायची. फिलिप्स कंपनीच्या पीएम ५५४४ या प्रसिद्ध चित्रात मधोमध मोठं वर्तुळ होतं, ते उगाच नव्हे. चौरस पसरट झाला तर डोळा चालवून घेतो, वर्तुळ अंडाकृती झालं तर लगेच खटकतं. १९२० बाय १०८०च्या चित्रात एक वर्तुळ काढा, चार कोपऱ्यांत १ ते ४ अंक लिहा, कडेनं एक पिक्सेल जाडीची रेघ ओढा. ते प्रोजेक्टमध्ये टाकून पाच सेकंदांचाच तुकडा एक्स्पोर्ट करा. वर्तुळ बिघडलं तर ठिपक्याचं प्रमाण. अंक उलटे-पालटे झाले तर शून्य किंवा वळसा. कडेची रेघ नाहीशी झाली तर कापाकापी. सगळं शाबूत पण लहान होऊन मधे किंवा कोपऱ्यात बसलं तर चौकटीचा मेळ नाही. तयार फाइल दोन वेगळ्या प्लेअरमध्ये पाहा. एकात बिघाड आणि दुसऱ्यात नाही, तर एडिटिंगकडे परत जाऊ नका.

आणि समारंभ संध्याकाळी सहाला असेल, वेळच नसेल, तर एक पळवाट आहे. बोधचिन्हाची लहान फाइल टाइमलाइनवर ठेवून ती कोपऱ्यात ओढत बसू नका. चित्रसंपादकात १९२० बाय १०८०ची पारदर्शक पाटी घ्या, बोधचिन्ह तिच्यावरच योग्य कोपऱ्यात ठेवा आणि पाटी पीएनजी म्हणून सेव्ह करा. ती अख्खी पाटी व्हिडिओवर ठेवा : आकार शंभर टक्के, हलवाहलव शून्य. जागा मध्यापासून मोजली काय, कोपऱ्यापासून मोजली काय, चौकटीएवढ्याच पाटीला सगळीकडून एकच जागा असते. बाह्यरेषा, सावली, अक्षरंही त्याच पाटीवर रंगवून टाकली तर एक्स्पोर्ट करणाऱ्याच्या हाती चुकीचा वाचण्यासारखा आकडाच उरत नाही. एवढं करूनही बोधचिन्ह अर्धं दिसलं, तर रिमोट मागून घ्या आणि सभागृहाच्या टीव्हीचं सेटिंग बघा.